विलासनौका आणि लहान मुले

एखादा प्रश्न श्रीमंतांच्या दारात उभा दिसला, म्हणून तो केवळ श्रीमंतांचाच असतो असे नाही. समुद्रावर आठ-पंधरा दिवस निव्वळ सुखासाठी हिंडणाऱ्या ज्या विलासनौका, ज्यांना आज सर्वत्र ‘क्रूझ’ म्हणतात, त्यांच्यावर लहान मुलांना प्रवेश असावा की त्या प्रौढांसाठीच राखून ठेवाव्यात, असा एक वाद अलीकडे ऐकू येतो. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी अशा नौकेवर पाऊल ठेवले असेल. मीही प्रवासी म्हणून कधी ठेवलेले नाही. तेव्हा “फादर, आपल्याला काय त्याचे?” असे कोणी विचारले, तर ते रास्तच होईल.

तरीही हा विषय मी मुद्दाम घेत आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. आमच्या ह्या घाटमाथ्यावरील धर्मग्रामातून काही तरुण आणि खाली गोव्यातून तर पिढ्यान्‌पिढ्या असंख्य तरुण जहाजांवर नोकरीस जात आले आहेत. गोव्यात त्यांना ‘तारवटी’ म्हणतात. त्या नौकांवर काय चालते ते रजेवर आलेल्या ह्या मुलांच्या तोंडून मला कळते. दुसरे कारण असे की, मुलांना जागा कोठे असावी आणि कोठे नसावी हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. लग्नाच्या मेजवानीला मुले आणू नयेत असे सुचविणारे आमंत्रण मी गेल्या वर्षी प्रथमच वाचले. मिस्सेच्या वेळी मूल रडू लागले की मागे वळून पाहणारे डोळे तर मी वेदीवरून दर रविवारी पाहतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. व्हायकिंग ह्या कंपनीच्या सागरी नौकांवर १८ वर्षांखालील कोणालाही घेत नाहीत. २०२१ साली प्रवासी नेऊ लागलेल्या व्हर्जिन व्हॉयेजेस ह्या कंपनीचाही तोच नियम आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेस कंपनीने आपल्या ताफ्यातील ‘आर्केडिया’ आणि ‘ऑरोरा’ ह्या दोन नौका प्रौढांसाठी राखल्या आणि बाकीच्या कुटुंबांना मोकळ्या ठेवल्या. सागा नावाची कंपनी तर त्याही पुढे गेलेली आहे. तिच्या नौकेवर मुख्य प्रवाशाने पन्नाशी गाठलेली असावी लागते, आणि त्याच्या सोबत्यालाही चाळिशीची अट आहे!

दुसऱ्या बाजूला मुलांना बोलावून घेणाऱ्या नौका आहेत. डिस्नेची पहिली नौका १९९८ साली समुद्रात उतरली ती मुळी मुलांसाठीच. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही प्रचंड नौका सात हजारांहून अधिक प्रवासी नेऊ शकते, आणि तिचा एक सबंध भाग लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी बांधलेला आहे. ह्या दोन टोकांच्या मध्ये उरतात त्या लहान, अतिशय महागड्या विलासनौका. त्यांतील अनेकींवर मुलांना बंदी नसते, परंतु मुलांसाठी म्हणावे असे काही नसतेही. खरा पेच ह्या मधल्या नौकांवरच निर्माण होतो, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न कधी पडला नाही. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ ह्या बोटींनी मुंबईहून मोंबासा आणि दारेसलामला जाणारी गोमंतकीय कुटुंबे तान्ह्या मुलांसह जात. मुंबई-पणजी मार्गावर ‘कोंकण सेवक’ आणि ‘कोंकण शक्ती’ ह्या बोटी होत्या, तेव्हा त्यांच्या डेकवर मुलांची झुंबड असे. माझे वडील सांगत की, रात्री डेकवर वळकट्या पसरल्या की कोणाचे मूल कोणाच्या वळकटीवर झोपी गेले हे सकाळीच कळायचे. त्यात कोणाला गैरसोय वाटत नसे असे नव्हे. परंतु बोट म्हणजे त्या वेळी रस्ता होता, आणि रस्त्यावर मुलांना मज्जाव करावा ही कल्पना कोणाला सुचणार?

आज बोट हा रस्ता राहिलेला नाही, बोट हेच गाव झाले आहे. मनुष्य कोठे पोचण्यासाठी तिकीट काढीत नाही. जहाजावर राहणे हेच त्याने विकत घेतलेले असते. मग त्या राहण्यात काय असावे आणि काय नसावे ह्याची निवड आपोआप आली, आणि त्या निवडीत ‘शांतता’ ही विक्रीची वस्तू झाली. हा बदल लक्षात घेतला म्हणजे मुलांना नको म्हणणाऱ्यांवर एकदम रागावण्याचे कारण उरत नाही. त्यांचीही बाजू ऐकून घेता येते.

ही बाजू मी प्रथम नीट ऐकली ती आमच्याच धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांच्या ओटीवर. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, म्हणून आखातात नोकरी करणाऱ्या मुलाने आईवडिलांना क्रूझची सहल द्यायचे ठरविले. केवळ प्रौढांच्या नौकेवर पाठवावे, की आपण सर्वांनी मिळून नातवंडांसह जावे, असे दोन पर्याय त्याने कळविले आणि घरात दोन पक्ष पडले. मास्तर म्हणाले, “फादर, छत्तीस वर्षे मी पोरांच्या गलक्यात काढली. घंटा झाली की गलका, घंटा सुटली की गलका. आता आठ दिवस नुसते पाणी बघत बसावे असे वाटले, तर माझे काय चुकले?” त्यावर आतून बाई म्हणाल्या, “नातवंडे वर्षाकाठी पंधरा दिवस येतात. त्यांना मागे ठेवून कसला समुद्र बघायचा? समुद्र काय, खाली गोव्याला उतरले की दिसतोच!”

दोघांचेही म्हणणे मला खरे वाटले. न्यायनिवाडा करण्यासाठी मला बसविले होते, पण पहिला चहा संपेपर्यंत मी काही बोललो नाही.

मास्तरांच्या बाजूने पुष्कळ सांगता येते. मुलांपासून काही दिवस दूर राहू इच्छिणारा मनुष्य मुलांचा द्वेष्टा असतो असे मुळीच नाही. किंबहुना ज्याने आयुष्यभर मुलांसाठी झिजून घेतले त्यालाच अशा विसाव्याची गरज अधिक असते. आजाऱ्याची शुश्रूषा करून थकलेली स्त्री, नुकतेच वैधव्य आलेली स्त्री, असेही लोक प्रवासाला निघतात. मूल होऊन गेलेले, म्हणजे देवाघरी गेलेले, असे आईबाप मी जवळून पाहिले आहेत. दुसऱ्याच्या मुलाचे हसणे त्यांना कधीकधी सहन होत नाही, आणि ते कोणाला सांगताही येत नाही. अशांनी मुले नसलेली नौका निवडली, तर त्यांना स्वार्थी म्हणणे हा कठोरपणा होईल. शुभवर्तमानात प्रभूने मुलांना अडविणाऱ्या शिष्यांची कानउघाडणी केली, हे आपण सर्वजण सांगतो. परंतु थकून आलेल्या त्याच शिष्यांना घेऊन तो गर्दीपासून दूर, होडीतून, एकांत स्थळी निघाला होता, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. विसावा मागणे हे पाप नव्हे.

शिवाय समुद्र हा लहान मुलांना सोयीचा नसतो, हेही मान्य केले पाहिजे. मुलांचे स्वागत करणाऱ्या कंपन्यांनाही काही नियम पाळावे लागतात. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत, आणि सलग तीन किंवा अधिक दिवस समुद्रातच जाणार असतील तर एक वर्षाखालील बाळालाही घेत नाहीत. कारण उघड आहे. जहाजावर डॉक्टर असतो, परंतु तान्ह्या बाळाचे दुखणे वाढले तर जवळ इस्पितळ नसते. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या नौकांवर आरोग्यखात्याच्या नियमाप्रमाणे लंगोट बांधलेल्या बाळाला साध्या पोहण्याच्या तलावात उतरविता येत नाही. मुलांचा सांभाळ करणारे जे विभाग असतात, ते बहुधा तीन वर्षांपुढील आणि लंगोट सुटलेल्या मुलांसाठीच असतात. तान्ह्यांसाठी पाळणाघर असलेल्या नौका थोड्या, आणि त्याचे पैसेही वेगळे पडतात.

आता बाईंच्या बाजूने. सागरी सुरक्षिततेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याचा उगम १९१२ च्या टायटॅनिकच्या दुर्घटनेत झाला, त्यात एक लहानसा नियम आहे. प्रवासी नौकेवर जितके प्रवासी असतील त्यांच्या किमान १० टक्के इतकी मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे असलीच पाहिजेत, आणि मुले अधिक असतील तर प्रत्येक मुलागणिक एक. मला हा नियम फार अर्थपूर्ण वाटतो. कायदा लिहिणाऱ्यांनी जहाज डोळ्यांपुढे आणले तेव्हा त्यावर मुले असणारच, असे गृहीत धरले. मनुष्यांची वस्ती म्हटली की तीत म्हातारे असतील, आजारी असतील आणि मुलेही असतील, हा सरळ हिशेब आहे.

मुलाला समुद्रावर जे मिळते तेही काही थोडे नाही. चहूकडे किनारा नाही, हा अनुभव त्याला पुस्तकात मिळत नाही. आणि आजी-आजोबांना जे मिळते ते तर दुसरीकडे मिळणे कठीण झाले आहे. आखातातला मुलगा घरी येतो तेव्हा अर्धी रजा बँकेत, पंचायतीत आणि नातेवाइकांच्या भेटीगाठींत जाते. जहाजावर त्याला कोठे जाताच येत नाही! तीन पिढ्या एका टेबलाशी सलग सात दिवस जेवतात, हे आज किती घरांत घडते?

मात्र इथे एक इशारा दिला पाहिजे. रजेवर आलेल्या आमच्या एका तरुणाने सांगितले की, काही आईबाप सकाळी मुलांना बालविभागात सोडतात ते रात्रीच न्यायला येतात. अशांनी मुलाला समुद्रावर नेले खरे, पण मुलाबरोबर ते गेले नाहीत. बालविभाग दोन-तीन तासांसाठी फार उपयोगी असतो. दिवसभराचा तो झाला म्हणजे मग घरची शाळा काय वाईट होती?

असे दोन्ही पक्ष बरोबर असतील, तर मग चूक कोणाची? माझ्या मते चूक त्या मधल्या नौकेची आहे, जी ‘हो’ म्हणते आणि मनातून ‘नाही’ म्हणते. परदेशात राहणाऱ्या माझ्या एका चुलतभावाने चार वर्षांच्या मुलीला घेऊन अशाच एका लहान, महागड्या नौकेचे तिकीट काढले होते. कंपनीचे नाव मी घेत नाही. मुलांना मनाई नाही असे त्यांना कळविण्यात आले, आणि मुलीचे जवळजवळ पूर्ण भाडे घेण्यात आले. जहाजावर गेल्यावर कळले की मुलांसाठी एक खोलीही नाही. रात्रीचे जेवण उशिरा, अनेक पदार्थांचे, दोन-दोन तास चालणारे. मूल पेंगू लागे, मग चिडू लागे, आणि शेजारच्या टेबलावरून नजरा येत. त्या नजरांनाही दोष कसा द्यावा? त्यांनीही शांततेसाठीच पैसे मोजले होते. वहिनीने सातही रात्री मुलीला कडेवर घेऊन केबिनबाहेरच्या लांब बोळात येरझारा घातल्या, आणि चुलतभाऊ एकटाच जेवला. “आम्हाला सरळ नको म्हणाले असते, तर बरे झाले असते,” एवढेच ती म्हणाली.

तिच्या ह्या एका वाक्यात मला ह्या वादाचे उत्तर दिसते. स्पष्ट नकार हा अर्ध्या होकारापेक्षा अधिक सभ्य असतो. १८ वर्षांखालील कोणालाही घेणार नाही असे दारावरच सांगणारी कंपनी कोणाचा अपमान करीत नाही. कोणत्या नौकेवर जायचे ते कुटुंबाला अगोदरच ठरविता येते. तसेच ज्यांनी होकार दिला, त्यांनी तो पुरता द्यावा. मुलांना जागा, त्यांच्या वेळेला जेवण, त्यांना सांभाळणारी शिकलेली माणसे, आणि त्याचबरोबर मोठ्यांना निवांत बसण्याची वेगळी जागा, हे सारे एकाच नौकेवर होऊ शकते. डिस्नेच्या नौकांवर मुलांचा एवढा सुकाळ असूनही एक तलाव आणि डेकचा एक भाग केवळ प्रौढांसाठी राखलेला असतो. २०२३ साली सुरू झालेल्या एक्स्प्लोरा ह्या महागड्या नौकांवरही सहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळा विभाग ठेवला आहे. म्हणजे ऐश्वर्य आणि मुले ह्यांचे मूळचे वैर नाही. फक्त कोणी तरी अगोदर विचार केलेला असावा लागतो.

मास्तरांना आणि बाईंना मी हेच सांगितले, आणि त्याबरोबर व्यवहाराच्या दोन गोष्टीही. एक तर कंपनीला ‘मुले चालतात का’ एवढेच विचारू नये, ‘आमच्या मुलांच्या वयासाठी काय आहे’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. दुसरे म्हणजे दिनदर्शिका पाहावी. त्या त्या देशात शाळा चालू असतात त्या दिवसांत कुटुंबांच्या नौकेवरही मुले तुरळक असतात, आणि सुट्यांत, नाताळात तीच नौका मुलांनी भरून जाते. हे कळले म्हणजे कित्येकांना प्रौढांच्या नौकेची गरजच उरत नाही. मास्तरांनी बराच वेळ विचार केला. शेवटी नातवंडांसहच जाण्याचे ठरले. परंतु रोज सकाळी सहा ते आठ आपल्याला कोणी हाक मारू नये, आणि हे सुनेने कागदावर लिहून द्यावे, अशी अट त्यांनी घातली. सुनेने ती लिहून पाठविली. बाईंनी तो कागद देवघरातल्या क्रूसामागे खोचून ठेवला आहे.

हे सारे प्रवाशांच्या मुलांचे झाले. ह्या वादात ज्यांचे नाव कोणी घेत नाही अशी आणखी काही मुले आहेत, आणि ती आमच्या धर्मग्रामातली आहेत. जहाजावर केबिन झाडणारा, बिछाने घालणारा, टेबलावर वाढणारा जो तरुण असतो, त्याचा करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. कंपन्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना कधीकधी बायकामुलांना काही दिवस सोबत आणण्याची सवलत देतात. खालच्या कामकऱ्यांच्या वाट्याला ती सहसा येत नाही. नौका प्रौढांची असो की कुटुंबांची, त्याच्या मुलाला दोन्हीकडे जागा नाही.

आमच्या एका स्टुअर्डने दोन्ही प्रकारच्या नौकांवर काम केले आहे. कोणती बरी, असे मी त्याला विचारले. मला वाटले, प्रौढांची म्हणेल, कारण तिथे सांडलवंड कमी आणि काम सोपे. तो म्हणाला, “फादर, मोठ्यांच्या बोटीवर काम हलके असते, पण आठ महिने लेकराचा आवाज कानावर पडत नाही. मुलांच्या बोटीवर कंबर मोडते. पण एखादे पोर ‘अंकल’ म्हणून मागे लागते, मग घरच्या पोराची आठवण येते, आणि बरेही वाटते, वाईटही वाटते.” त्याचा मुलगा जन्मला तेव्हा तो अटलांटिक महासागरात होता. स्नानसंस्काराच्या दिवशी त्या बाळाला आजोबांनी हातांत धरले होते, आणि बापाने तो सोहळा फोनच्या पडद्यावर पाहिला, जेवणाच्या सुटीतील वीस मिनिटांत.

कामकऱ्यांची कुटुंबे जहाजावर न्यावीत, असे मी म्हणत नाही. ते शक्य नाही हे मलाही कळते. परंतु जी शांतता कोणी विकत घेतो किंवा जो मुलांचा आनंद कोणी विकत घेतो, तो दुसऱ्या एका घरातील बापाच्या गैरहजेरीवर उभा असतो, एवढे तरी प्रवाशाला ठाऊक असावे.

आता आपल्या घरांकडे वळतो. नौकेला लावलेला नियम आपण आपल्या समारंभांनाही लावून पाहावा. मेजवानी मोठ्यांचीच करायची असेल तर तसे गोड शब्दांत आणि वेळेवर कळवावे, म्हणजे आईबापांना सोय करता येईल. मुलांना बोलवायचे असेल तर त्यांच्यासाठी लवकर पान वाढावे, थोडी मोकळी जागा ठेवावी, आणि मग त्यांच्या गोंगाटाबद्दल कुरकुर करू नये. मिस्सेला मात्र प्रौढांची नौका नाही. तिथे होकार पूर्वीच दिलेला आहे, आणि तो आपण द्यावा की न द्यावा हा प्रश्नच उरत नाही. मूल रडले तर मी प्रवचन थोडे आवरते घेईन. काही वाचकांना ते आवडेलही!

आणि ज्यांना क्रूझचा योग येईल, त्यांनी कोणतीही नौका निवडावी; प्रौढांची निवडली म्हणून मनाला लावून घेऊ नये, मुलांची निवडली म्हणून मिरवू नये. फक्त बिछाना घालायला येणाऱ्या तरुणाला त्याच्या मुलाचे नाव विचारावे. त्याला सांगायला आवडते.